अप्पा सरांचं बोट

माझ्या अभ्यासिकेच्या दारात नियमांची एक पाटी आहे. पांढऱ्या पत्र्यावर निळी अक्षरं, एकूण नऊ नियम. त्यातल्या चौथ्या नियमाखाली एक तपकिरी डाग आहे, बोटाच्या शेंड्याएवढा. मागे सगळी भिंत रंगवून घेतली, पाटी साबणानं धुतली, पण तो डाग मी पुसू दिला नाही. पेंटर म्हणाला, "मालक, इथं घाण राहून गेली." मी म्हणालो, "घाण नाही रे बाबा, सही आहे ती." त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू रंगाचा वास आता मालकाच्या डोक्यात गेलाय. त्याला काय सांगणार? ब्रश वाळत होता. तुम्हाला वेळ आहे, तुम्हाला सांगतो.

नांदेडात बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर माझी अभ्यासिका आहे. साठ खुर्च्या, साठ दिवे आणि शांतता. शांतता हाच माझा धंदा. आता माझ्यासारख्या माणसानं, ज्याला देवळात घंटा वाजेपर्यंतसुद्धा गप्प राहवत नाही, शांततेचा धंदा करावा ही गंमतच आहे. पण पोटासाठी माणूस काय काय करतो, मी गप्प बसतो.

तर एका सकाळी, होळी नुकतीच झाली होती, जिन्यावरून भांडणाचा आवाज वर येऊ लागला. पुढे एक ठेंगणे गृहस्थ. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, कपाळाला विभूती, खिशात पेन, घडीचं भिंग आणि तपकिरीची डबी. मागे माझ्याच अभ्यासिकेतली दोन मुलं. एक हदगावची राणी कदम आणि दुसरा धर्माबादचा पोशेट्टी.

"पण सर, ते चुकीचंच लिवलंय!" राणी म्हणत होती.

"असू दे. मी इचारलं काय? उताऱ्यात काय लिहिलंय ते इचारलं. तू सांगितलं काय? हदगावात काय व्हतंय ते!"

गृहस्थ दारात थांबले. माझी पाटी त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली, एकेका ओळीखाली बोट ठेवून, लहान मुलं वाचतात तशी. मग माझ्याकडे वळले.

"हे नियम कुणी लिहिले?"

"मी."

"अक्षर झकास हाय. चार नंबर वाचा बरं मोठ्यानं."

मी वाचलं, "अभ्यासिकेत बोलू नये."

"बरोबर. आता गच्चीवर बोलू नये, असं कुठं लिहिलंय? बोट ठेवा."

"अहो, गच्ची अभ्यासिकेतच आली की."

"आली, हे तुमच्या डोक्यात हाय. पाटीवर न्हाई." आणि त्यांनी चौथ्या नियमाखाली बोट टेकवलं. नुकतीच तपकीर ओढलेली होती, बोटाला खोबरेल तेल लागलेलं होतं, आणि ते बोट तिथं चांगलं पाच मिनिटं होतं, कारण मी हार मानायला पाच मिनिटं घेतली. पाटीवरची सही ती हीच.

अशा रीतीनं, या पोरांना शिकवायला म्हणून, मन्मथअप्पा माझ्या गच्चीचे मालक झाले. मला मात्र ते शेवटपर्यंत "मालक" म्हणत राहिले.

अप्पा मूळचे लातूरजवळच्या मुरुडचे. तिथं त्यांच्या भावाचं खत-बियाण्यांचं दुकान. स्वतः लातूरला एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, आणि मुलाची बदली नांदेडला झाली म्हणून त्याच्यामागे आलेले. त्या दिवशी ते खाली विजेचं बिल झेरॉक्स करायला आले होते. शेजारी राणी परीक्षेच्या नमुना पेपराच्या प्रती काढत होती. अप्पांनी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं, कारण लिहिलेला कागद समोर असताना तो न वाचणं त्यांना जमत नसे. बघितलं तर पोरीनं सोप्या सोप्या प्रश्नांची उत्तरं चुकवलेली. तिथून जे भांडण लागलं, ते माझ्या दारापर्यंत आलं.

त्या परीक्षेचं थोडं सांगायला पाहिजे. राणी नांदेडजवळच्या एका लहानशा कृषी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होती, पोशेट्टीही तिच्याच वर्गात. तिला झाडांच्या रोगांचं शिकायचं होतं, आणि तिच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक एकच, तोही प्राचार्यांच्या कपाटात, शालीत गुंडाळून. तिनं तो दोनदा पाहिला होता. एकदा दसऱ्याला पूजेत आणि एकदा तपासणीच्या दिवशी. पुण्याकडच्या एका मोठ्या कॉलेजात बाहेरच्या मोजक्या मुलांना परीक्षा घेऊन थेट दुसऱ्या वर्षात घेत. ती परीक्षा पहिलं वर्ष संपताना एकदाच देता येई. हुकली की तीन वर्षं शालीतला सूक्ष्मदर्शक. बाकीचे विषय राणीला पाठ होते. अर्धा पेपर मात्र इंग्रजी वाचनाचा. उतारा द्यायचा, खाली प्रश्न, चार पर्याय, उत्तर उताऱ्यातूनच द्यायचं. राणीचं इंग्रजी वाईट नव्हतं बरं का. तिला उतारा कळायचा, आणि कळायचा म्हणूनच घोटाळा व्हायचा.

कारण कॉलेज शेतीचं, म्हणून उतारेही शेतीचे. आणि ही पोरं शेतातली.

आमच्या भागातल्या मुलाला विमानाबद्दलचा उतारा द्या, समुद्राबद्दलचा द्या, तो मुकाट्यानं बरोबर उत्तरं देईल. पण शेतीचा उतारा दिलात की संपलं. तो आधी लेखकाची चूक काढणार, मग मनातल्या मनात त्याला बांधावर उभा करून शिव्या घालणार, आणि शेवटी जे खरं आहे त्या पर्यायावर खूण करणार. जे लिहिलंय त्यावर नाही.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी साडेसहाचा वर्ग, पत्र्याच्या शेडखाली, पाण्याच्या टाकीला टेकून. उतारा मिरचीचा होता. त्यात लिहिलं होतं की वाळल्यावर मिरचीचा तिखटपणा कमी होतो. पोशेट्टीच्या घरी तीन पिढ्या मिरचीचा व्यापार. तो उठून उभाच राहिला.

"साफ झूट हाय सर हे! कोण हाय हा लिवणारा? त्याला म्हणा धर्माबादला ये. आमच्या अड्ड्यात नुस्ता उभा ऱ्हा दोन मिनिटं. डोळे चोळत पळंल तेलंगणाच्या पार!"

"बस खाली. उत्तर काय?"

"वाढतो."

"उताऱ्यात?"

"उतारा गेला खड्ड्यात, सर!"

अप्पांनी शांतपणे तपकीर ओढली. मग शेडच्या कोपऱ्यातली माझी मोडकी प्लास्टिकची खुर्ची ओढून मधोमध ठेवली, शर्टाच्या बाहीनं पुसली आणि तिच्यापुढे किंचित वाकले.

"पोरांनो, ह्या खुर्चीवर उताऱ्याचा साहेब बसलाय. साहेब कोण? ज्यानं हा उतारा लिहिला तो. साहेबाला काय कळतंय? मला म्हाईत न्हाई. कदाचित काहीच कळत नसंल. पण आज आपण त्याच्या घरी जेवायला आलोय. पाहुण्यानं काय करायचं? ताटात वाढलंय ते बघायचं. भाजीत मीठ कमी हाय म्हणून आपल्या खिशातलं मीठ काढून घालायचं न्हाई."

तेव्हापासून ती साहेबाची खुर्ची. पोशेट्टी रोज आल्याबरोबर तिला सलाम करायचा, "साहेब, रातीला झोप लागली का?" राणी मात्र खुर्चीकडे पाठ करून बसायची. मी एकदा चहा घेऊन वर गेलो आणि चुकून त्या खुर्चीवर बसलो, तर तिघंही ओरडले. माझ्याच गच्चीवर, माझ्याच खुर्चीवर मला बसायची चोरी झाली.

अप्पांचं सगळं शिकवणं दोन वाक्यांत होतं. पहिलं, "बोट ठेव." दुसरं, "डोक्यातलं सांगू नको, कागदावर काय हाय ते सांग." उत्तर बरोबर आलं तरी ते शाबासकी देत नसत. आधी विचारत, "कुठं हाय?" मग त्या ओळीखाली बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही तर बरोबर उत्तरही चूक. एकदा पोशेट्टीनं तीन पानांच्या पेपरात सगळी उत्तरं बरोबर दिली आणि अप्पांनी शून्य दिलं, कारण त्याचं एक बोट बटाटेवड्याच्या पिशवीत आणि दुसरं मोबाइलवर होतं.

हा नियम ते स्वतःच्या घरीही लावत. त्याचा सगळा जाच काकूंना. काकू, म्हणजे अप्पांच्या पत्नी, अंगानं किरकोळ, पण आवाज असा की त्यांनी हाक मारली की झेरॉक्सवाल्याचं मशीन बंद पडलंय असं वाटायचं. एकदा त्या माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. हातात मेथीची जुडी, पिवळी पडलेली.

"बघा ओ, भाऊजी! चिठ्ठी दिली, मेथी आणा म्हणून. हे घेऊन आले."

मागून अप्पा आलेच. चिठ्ठी पुढे केली, बोट ठेवलं. "‘मेथी, एक जुडी.’ ताजी असं कुठं लिहिलंय?"

"आन् शिळी असं कुठं लिवलंय?" काकू म्हणाल्या.

अप्पांनी चिठ्ठी उलटून मागची बाजूही बघितली. नंतर मला हळूच म्हणाले, "मालक, परीक्षेला ही बसायला पायजे होती."

एका लग्नाची गोष्ट तर आमच्या सगळ्या वसमत नाक्यानं ऐकली होती. शेजारच्या वसाहतीत एकाच्या मुलीचं लग्न. पत्रिकेवर छापलेलं, आपली उपस्थिती हाच आहेर. अप्पा गेले, पहिल्या रांगेत बसले, पोटभर जेवले आणि स्टेजवर जाऊन वधूपित्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "माझा आहेर पोचला ना? साडेअकरापासून देऊन राहिलो." वधूपिता बिचारा काय म्हणणार? हसला. काकूंनी मागून पदराखालून स्टीलचा डबा काढून वधूच्या हातात दिला आणि अप्पांकडे न बघता खाली उतरल्या. घरी जाताना रिक्षात दोघांमध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती. रिक्षावाल्यानं विचारलं, "अजून कुणी येणार हाय का?"

हसू नका, अजून संपलं नाही. हा माणूस विनोदी होता असं मी म्हणत नाही. त्याला स्वतःला यातलं काहीच विनोदी वाटत नसे, आणि म्हणूनच आम्ही हसून बेजार व्हायचो. त्याला हसू का येत नसे, ते मात्र मला उन्हाळा लागल्यावर कळलं.

एप्रिलमध्ये पत्रा तापू लागला आणि त्याबरोबर राणीही. उतारा सोयाबीनवरचा होता. तिनं खूण केली, अप्पांनी विचारलं, "कुठं हाय?" तिनं पेन ठेवून दिलं.

"नाही सर. आता बास. ह्या लोकांना काई कळत न्हाई अन् मी त्यांच्या व्हयला व्हय म्हणत राहिलेय. घरी गेलं की आई इचारते, काय शिकून राहिली ग? काय सांगू तिला? खोटं बरोबर कसं लिवायचं ते शिकून राहिले म्हणू? मला न्हाई जमत. मी परीक्षा देत न्हाई."

मी जिन्यात होतो, चहाचा ट्रे घेऊन. पुढं जावं की मागं, काही सुचेना.

अप्पा ओरडतील असं वाटलं. ते ओरडले नाहीत. साहेबाच्या खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर ते पहिल्यांदाच बसत होते.

"मुरुडला भावाच्या दुकानात सुट्टीत मी बसायचो," ते म्हणाले. "इंग्रजीचा मास्तर म्हणून लोकं औषधाचे डबे घेऊन माझ्याकडं यायचे. लेबल इंग्रजीत. सर, वाचून सांगा. मी सांगायचो. एक दिवस बाबू माळी आला. तणनाशकाचा डबा. मी पेपर वाचत होतो. डबा ओळखीचा, हिरवा, दहा वर्षं बघितलेला. मान वर न करता म्हणलो, पंपाला दोन टोपणं. गेला तो."

पोशेट्टीनं मोबाइल खिशात ठेवला.

"कंपनीनं डबा तोच ठेवला होता, औषध जालीम केलं होतं. लेबलावर अर्धं टोपण लिहिलं होतं. आठ दिवसांनी बाबू आला. शिव्या देईल वाटलं. त्यानं नुसतं करपलेलं सोयाबीनचं रोप माझ्या हातात ठेवलं अन् म्हणाला, सर, तुमी वाचून सांगितलं व्हतं ना? मी म्हणलो, हाव, वाचून सांगितलं. आयुष्यात एवढं मोठं खोटं मी बोललो न्हाई. मी वाचलंच न्हवतं. मला येतंय म्हणून मी सांगितलं."

मग राणीकडे बघून म्हणाले, "तुला येतंय, राणी. साहेबापेक्षा जास्त येतंय. ज्याला येतंय, तोच वाचत न्हाई. तुला खोटं शिकवायला मला काय वेड लागलंय? तू पुढं जाऊन लोकांना औषधं सांगणार. म्हणून आधी बोट ठेवायला शीक."

राणीनं पेन उचललं, उतारा पुन्हा वाचला आणि एका ओळीखाली बोट ठेवलं. माझा चहा गार झाला होता. तरी सगळ्यांनी तो प्यायला.

परीक्षेचं केंद्र लातूरला होतं. मी गाडी काढली. पुढे अप्पा, मागे दोन्ही मुलं आणि काकूंनी दिलेला धपाट्यांचा डबा. वाटेत अप्पांनी रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीखाली काचेवर बोट ठेवून वाचन केलं. लातूर जवळ आलं तेव्हा माझ्या गाडीच्या पुढच्या काचेवर तपकिरीची नक्षी झाली होती. केंद्राच्या फाटकात त्यांनी दोघांना एवढंच सांगितलं, "साहेब आत बसलाय. पाहुण्यासारखं जेवा."

आम्ही लिंबाच्या झाडाखाली बसलो. अप्पांनी तिथल्या सूचनाफलकावरची सगळ्या सूचना वाचल्या, त्यातल्या दोन मागच्या वर्षाच्या होत्या हे शिपायाच्या लक्षात आणून दिलं, शिपायानं त्या काढल्या, आणि तेवढ्यात वेळ संपली.

पोशेट्टी हसत आला. त्याच्या हसण्यावरून काही कळत नसे, तो सगळ्याच वेळी हसत यायचा. राणी मागून हळूहळू आली.

"सर, कापूस आला."

"कुठं?"

"उताऱ्यात. त्यात लिवलंय, शेतातला सगळा कापूस एका झटक्यात काढतात. अन् खाली प्रश्न, किती वेळा काढतात? एकदा, दोनदा, तीनदा, न्हाईतर पिकावर हाय."

"मंग?"

"बोट ठेवलं, सर. त्याच ओळीवर. पण..." तिनं ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. "आई दिसली. कमरेला कापसाची ओटी बांधलेली. म्हणती, का ग, मी तिसऱ्या येचणीला पार वाकून जाते, ते काय आपलं उगंच?"

"काय लिवलंस?"

"एकदा."

ही ती घडी होती, जिच्यासाठी अप्पांनी अडीच महिने घसा कोरडा केला होता. मला वाटलं आता माणूस उडी मारणार, शिपायाला मिठी मारणार. अप्पांनी तपकिरीची डबी उघडली, चिमूट घेतली, तशीच परत डबीत टाकली आणि म्हणाले, "चला, जेवून घेऊ."

परतीच्या वाटेवर मी एकटा अहमदपूरपर्यंत बोलत होतो, म्हणजे रोजच्यासारखाच, पण समोरून कुणी "कुठं लिहिलंय?" विचारत नाही म्हटल्यावर मलाच चव येईना. अहमदपूरला चहाला थांबलो. मुलं टपरीवर गेली. अप्पा म्हणाले, "मालक, मी तिच्या डोक्यात बोट घातलं का ओ? तिला तिच्या आईला खोटं ठरवायला लावलं का?"

मी वातावरण हलकं करायला म्हणालो, "अप्पा, असं कुठं लिहिलंय?"

हसले नाहीत. माझे बरेच विनोद पडलेत, पण हा जितका खोल पडला तितका दुसरा नाही.

निकाल लागला. राणीचं नाव यादीत होतं. अप्पांनी झेरॉक्सवाल्याकडे ती यादी छापून घेतली आणि तिच्या नावाखाली बोट ठेवून मला, काकूंना, झेरॉक्सवाल्याला आणि खाली उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाला दाखवली. पोशेट्टीचं नाव नव्हतं. पेपरात बाजारपेठेवरचाही एक उतारा होता, आणि तिथं त्यानं साहेबाच्या भाजीत मूठभर मीठ घातलं. आता तो धर्माबादला दुकानात बसतो आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे, कुणी कागद आणला की आधी बोट ठेवून वाचतो, मग सांगतो.

राणी पुण्याला निघाली त्या दिवशी बसस्टँडवर आम्ही सगळे होतो. राणीची आई, काशीबाई, दोन दिवस आधीपासून नांदेडात होती. हातावर उन्हाचा रापलेला रंग, बोलणं कमी, लेकीच्या पिशवीत काहीबाही कोंबत होती. राणीनं अप्पांना वाकून नमस्कार केला.

"सर, तिथंबी साहेबाची खुर्ची असंल का?"

"असंल. पण तिथं साहेब स्वतः हजर असंल. हजर माणसाला इचारता येतं. कागदाला न्हाई येत." त्यांनी खिशातून घडीचं भिंग काढलं आणि तिच्या हातात दिलं. "मी तुला तिथं इचारायलाच धाडून राहिलो. पानांचे रोग बघायला हे घे. प्राचार्यांच्या कपाटापेक्षा बरं."

बस गेली. अप्पा रिकाम्या खिशाला हात लावून बघत होते. काकू म्हणाल्या, "आता लेबलं कशानं वाचणार?" ते म्हणाले, "आता तू वाच, मी बोट ठेवतो."

त्यानंतर ते माझ्या गच्चीवर येतच राहिले. नवी मुलं होती, नवे उतारे होते. पण कापसाचा उतारा आला की ते पान उलटायचे. मी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा काही बोललो नाही. माझ्याकडून हे झालं, याची नोंद घ्या.

दिवाळीच्या आधी राणी आली. थेट गच्चीवर, दोन दोन पायऱ्या चढत.

"सर! इचारलं!"

"काय इचारलं?"

"वर्गात. कापसाचं. म्हणलं, सर, आमच्याकडं तीन येचण्या होतात, पाऊस लांबला तर चार, मग पुस्तकात एकदाच असं का? सगळी पोरं हसली. सर न्हाई हसले. त्यांनी चित्रंच दाखवली. बाहेरच्या देशात, सर, औषध मारून झाडाची सगळी पानं पाडतात. बोंडं सगळी फुटली की मशीन आणतात अन् एकाच फेरीत सगळा कापूस. खरंच एकदाच!"

अप्पा टाकीला टेकले होते ते सरळ झाले.

"म्हंजे उतारा खोटा नव्हता?"

"न्हाई सर. दुसऱ्याच्या शेताचा व्हता."

"अन् तुझी आई?"

"तीबी खरी."

अप्पांनी साहेबाच्या खुर्चीकडे बघितलं. मग खिशातून डबी काढली, चांगली मोठी चिमूट घेतली आणि असे जोरात शिंकले की खाली अभ्यासिकेत साठच्या साठ माना वर झाल्या. सगळे नियम मोडले त्यांनी एका शिंकेत. आणि म्हणाले, "मालक, गाडी काढा. साहेबाचं शेत चित्रात बघितलं. आता काशीबाईंचं बघायचं."

"आता?"

"‘आता नको’ असं कुठं लिहिलंय?"

वाटेत काकूंनाही गाडीत घेऊन हदगावला आम्ही पोचलो तेव्हा काशीबाई पहिल्या वेचणीला लागलेल्या होत्या. कपाशीची पऱ्हाटी छातीएवढी. अप्पा पांढऱ्या शर्टात बांधावर उभे राहिले आणि एका झाडापुढे वाकले, जसे साहेबाच्या खुर्चीपुढे वाकले होते तसे. काशीबाईंनी त्यांना दाखवलं. हे बोंड फुटलंय, ही कैरी, म्हणजे कच्चं बोंड, अजून हिरवी, हे फूल काल उमललंय, आणि ही पाती, म्हणजे कळी, हिचा कापूस संक्रांतीला. सगळं एकाच फांदीवर. अप्पा एकेकावर बोट ठेवत होते आणि पुटपुटत होते, "हाय. हाय. लिहिलेलं हाय."

मग त्यांना वेचायची हुक्की आली. काकू गाडीतून ओरडल्या, "ओ, शर्ट!" पण तोवर काशीबाईंनी त्यांच्या कमरेला ओटी बांधून दिली होती. अप्पा झाडांच्या रांगेत शिरले. वाळल्या बोंडाची टोकं बोटाला लागली की "आई ग" म्हणायचे, बोट तोंडात घालायचे आणि पुढं जायचे. काशीबाईंची एक रांग होऊन दुसरी अर्धी झाली, अप्पांची ओटी अजून एका उशीएवढीही फुगली नव्हती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मुलाची पुन्हा बदली झाली आणि अप्पा-काकू लातूरला परत गेले. फोन येतो, पण फोनवर बोट ठेवता येत नाही म्हणून ते फार बोलत नाहीत. त्यामुळे मी डोळे मिटले की मला दिसतात ते त्या दिवशीचेच. ऊन कलतंय. पांढऱ्या शेतात पांढरा शर्ट, नुसती विभूती आणि टक्कल दिसतंय. अप्पा एका अर्धवट उकललेल्या बोंडावर बोट ठेवून, शाळेतल्या पोरासारखे, मोठ्यानं विचारतायत, "काशीबाई, हे फुटलं ना? मला वाटतंय फुटलं!"

आणि तीन रांगा पलीकडून, भिंग डोळ्याला लावून एक पान बघत असलेली राणी, मान वर न करता ओरडतेय,

"सर, डोक्यातलं सांगू नका! झाडावर काय हाय ते सांगा!"

अप्पांनी ते बोंड पुन्हा एकदा, जवळून, नीट बघितलं. आणि बोट उचललं.